पुंजणं जळालं, आता विचारायचं कोणाला?

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात दिवाळी उलटली की वर्तमानपत्राच्या तालुका-पानावर एक बातमी ठरलेली असते : ‘धानाच्या पुंजण्याला आग, शेतकऱ्याचे लाखोंचे नुकसान’. (पुंजणं म्हणजे मळणीआधी शेतातच रचलेला कापलेल्या धानाच्या भाऱ्यांचा ढीग.) चार ओळी, एक फोटो, आणि दुसऱ्या दिवशी बातमी शिळी. ज्याचं वर्षाचं धान गेलं त्याची धावपळ मात्र तिथून सुरू होते. तलाठ्याकडून ठाण्यात, ठाण्यातून विमा कंपनीकडे, मग आमदारांकडे, आणि कधीमधी कागद थेट विधानभवनात पोचतो. शासनाच्या धोरणाला या वाटेवर जाब कुठे विचारला जातो आणि कुठे विचारायचा राहून जातो, एवढंच इथे पाहायचं आहे.

हे प्रकरण एका विशिष्ट गावाचं नाही. चुलबंद नदीच्या खोऱ्यात हंगामागून हंगाम जे घडतं त्यावरून ते जुळवलं आहे. कायदे, तारखा, अधिवेशनं आणि शासनाचे निर्णय मात्र खरे, 2023-24 च्या हंगामातले आणि त्याच्या आगेमागचे.

रात्र आणि पंचनामा

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. अडीच एकरांचं धान कापून झालं होतं. कापून पसरलेल्या कडपा वाळल्या, भारे बांधले आणि बांधीतच, म्हणजे धानाच्या शेतातच, पुंजणं रचलं. चुरण्याचं, म्हणजे मळणीचं, यंत्र गावात एकच फिरत होतं, नंबर यायला आठवडा होता. रात्री अकराच्या सुमारास शेजारच्या शेतातल्या जागल्याला उजेड दिसला.

पंधरा-वीस माणसं धावली. बोडी, म्हणजे छोटं तळं, जवळच, बोडीत पाणी, काठावर मोटरपंप. पण त्या आठवड्यात शेतीच्या थ्री-फेज विजेची पाळी दिवसाची होती. रात्री पंप चालणार नव्हता. आणि बादल्यांनी पुंजणं विझत नाही. वरची तणीस, म्हणजे पेंढा, जळताना दिसते, आतल्या लोंब्या धुमसत राहतात. भारे ओढून उघडले की वारा लागतो आणि पुन्हा भडका. म्हणून जाणती माणसं पेटलेल्या पुंजण्याचा नाद सोडतात आणि शेजारचं वाचवायला लागतात. इथेही तेच झालं.

कोणीतरी 112 ला फोन लावला. पोलिसांनी नगरपरिषदेला कळवलं. तालुक्याच्या गावचा बंब दुरुस्तीला गेला होता, म्हणून शेजारच्या तालुक्यातला निघाला. पण हद्दीबाहेर जायचं तर आधी मुख्याधिकाऱ्यांचा होकार. बंब पोचला तेव्हा विझवायला फार काही उरलं नव्हतं. शेतकऱ्याच्या थोरल्या भावाचं म्हणणं एका ओळीचं : ‘बंब येते जी, पन राख भिजवाले येते.’

सकाळी तलाठी आला. गट नंबर, क्षेत्र, पीक, पंचांच्या सह्या. नुकसानीचा अंदाज काढायला तो पुंजण्याच्या जागी उभा राहिला आणि काळा गोल पावलांनी मोजला. एकरी चौदा क्विंटल धरले तर पस्तीस क्विंटल. त्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत 2,183 रुपये होती, म्हणजे 76,405 रुपये. बातमीतले ‘लाखो’ पंचनाम्यात असे उतरतात. गुरांची तणीस कोणी धरली नाही. आणि कारणाच्या रकान्यात तलाठ्याने लिहिलं, ‘अज्ञात’. त्याने दुसरं लिहावं तरी काय? पण पुढची सगळी दारं या रकान्यावर अडतात.

ठाण्यात

पोलीस ठाण्यात ‘आकस्मिक जळीत’ अशी नोंद झाली. गावात मात्र कुजबुज होती की आग लावलेली आहे. बांध्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे हद्दीवरून, जुनं भांडण होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं, पोलीस पाटलालाही.

तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होती. तिचं 435 वं कलम वाचण्यासारखं आहे. आग लावून शंभर रुपयांचं नुकसान करण्याचा हेतू असेल तर हा गुन्हा. पण माल शेतीचा असेल तर दहा रुपयेच पुरेत. शिक्षा सात वर्षांपर्यंत. ज्याने हा कायदा लिहिला त्याला खळ्यावरच्या धानाची किंमत कळत होती म्हणायची. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या 326 व्या कलमात दहा आणि शंभरचा फरक गेला, शेतमालाचा उल्लेख आणि सात वर्षं राहिली.

म्हणजे कायदा कडक आहे. आकस्मिक जळीताची नोंद गुन्ह्यात बदलायची तर कोणीतरी नाव घेऊन तक्रार द्यायला हवी. गावात राहायचं असलेला माणूस नाव घेत नाही.

नाव घ्यायचं नसलं की बाहेरचा माणूस सोयीचा पडतो. गावापासून थोड्या अंतरावर वीटभट्टी होती, तिथे छत्तीसगडातल्या राजनांदगावकडची मजूर कुटुंबं पालं टाकून होती. दोन दिवसांत चर्चा तिकडे वळली. पोलिसांनी जाऊन आधार कार्डं पाहिली, विचारपूस केली, काही निघालं नाही. ही गोष्ट पुढे विधानभवनापर्यंत गेली म्हणून इथे सांगतो आहे.

पैशाची दारं

खरीप 2023 पासून राज्यात एक रुपयात पीक विमा होता आणि या शेतकऱ्याने तो काढला होता. पंतप्रधान पीक विमा योजनेत उभ्या पिकाला नैसर्गिक कारणाने लागलेल्या आगीपासून संरक्षण होतं. कापून वाळत घातलेल्या किंवा पेंढ्या बांधलेल्या पिकालाही चौदा दिवसांपर्यंत होतं. पण ते गारपीट, चक्रीवादळ, त्याचा पाऊस आणि अवकाळी पाऊस यांपुरतं. कापणीनंतरच्या आगीचं नाव त्या यादीत नाही. तेच पुंजणं पावसाने भिजलं असतं तर दावा करता आला असता.

आणि पाऊस आलाच. नोव्हेंबरच्या अखेरीस राज्यभर अवकाळी बरसला, पूर्व विदर्भातलं धानही भिजलं. 1 जानेवारी 2024 च्या शासन निर्णयाने जिरायत पिकांसाठी हेक्टरी 13,600 रुपये आणि तीन हेक्टरांची मर्यादा ठरली. शेजाऱ्याचा भिजलेल्या पिकाचा पंचनामा त्यात बसला. याचा बसला नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या आपत्तींच्या यादीत ‘आग’ हा शब्द आहे, हे गावातल्या एका शिक्षकाने शोधून काढलं. तहसीलमध्ये उत्तर मिळालं की घर जळालं, माणूस किंवा जनावर गेलं तर पाहता येईल. कापलेलं धान पिकाच्या निकषात येत नाही आणि कारण तर अज्ञात आहे.

एक पैसा मात्र मिळाला, आणि तो गमतीशीर वाटेने. त्याच डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात धान उत्पादकांना हेक्टरी 20,000 रुपये बोनस जाहीर झाला, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. खरेदी केंद्रावर नोंदणी असली की पुरे, धान विकलेलं असो वा नसो. नोंदणी होती. जळालेल्या धानावर बोनस मिळाला. नागपूरच्या अधिवेशनात धान दरवर्षी येतं ते असं, बोनसच्या रूपात.

निवेदनाचा प्रश्न होताना

नागपूर अधिवेशन 7 ते 20 डिसेंबर 2023 असं ठरलं होतं. 1953 च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इथे घेण्याची जी गोष्ट आहे, तिचा विदर्भातल्या सामान्य माणसाला खरा उपयोग हाच : गाडीभाडं परवडतं आणि आमदार हाताशी असतात. गावातली पाच माणसं आमदार निवासात पोचली. निवेदनात चार मागण्या होत्या : नुकसानभरपाई, आगीची चौकशी, तालुक्याला चालू स्थितीतला बंब, हंगामात रात्रीची थ्री-फेज.

इथे पहिली अडचण. तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नाची, सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते. धान कापलं जातं नोव्हेंबरात, पुंजणी जळतात नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि डिसेंबरच्या अधिवेशनासाठी प्रश्न द्यायची मुदत तोवर टळलेली असते. नागपूरचं अधिवेशन पुंजण्यांच्या हंगामात भरतं, पण त्या हंगामातल्या आगीवर त्यात तारांकित प्रश्न येऊच शकत नाही. उरते ती नियम 105 ची लक्षवेधी सूचना, तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी. तिचे अर्ज ढिगाने येतात आणि कोणती घ्यायची ते अध्यक्ष ठरवतात. अवकाळीच्या चर्चेने भरलेल्या त्या पंधरवड्यात एका पुंजण्याची लक्षवेधी लागणं कठीणच होतं, आणि ती लागली नाही. आमदारांनी औचित्याच्या मुद्द्यावर दोन मिनिटं विषय मांडला. त्याची नोंद झाली. औचित्याच्या मुद्द्याला मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यावं असं बंधन नाही.

मग पुढच्या अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न करायचं ठरलं. प्रश्नाचा साचा ठरलेला आहे : अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, (1) अमुक गावात आग लागून नुकसान झाले, हे खरे आहे काय, (2) असल्यास, चौकशी केली आहे काय, (3) असल्यास, त्यात काय आढळले व त्यानुसार कोणती कारवाई केली, (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? या साच्याला उत्तराचा साचाही ठरलेला आहे : हे अंशतः खरे आहे, चौकशी सुरू आहे, प्रश्न उद्भवत नाही. साचा वाईट नाही, एका घटनेसाठी तो चोख चालतो. धोरण विचारायचं असलं की मात्र तो घटनेपाशीच अडकवून ठेवतो. ‘हे खरे आहे काय’ असं विचारलं की उत्तर त्या रात्रीचं येतं. तालुक्याला बंब का नाही, हे त्या रात्रीचं प्रकरणच नव्हे.

आणि प्रश्न पाठवायचा कोणत्या मंत्र्याला? सगळी खोच इथे आहे. राज्यात अग्निशमन नगरविकास विभागाकडे आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांच्या यादीत, अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. 73 व्या घटनादुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय आहेत. त्यात पाणी आहे, रस्ते आहेत, ग्रामीण विद्युतीकरण आहे, अग्निशमन नाही. महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना कायदा 6 डिसेंबर 2008 पासून लागू आहे; त्याचा भर इमारतींवर, त्यांच्या मालक-भोगवटादारांवर. बांधीतल्या पुंजण्याला जिना नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही.

म्हणून नगरविकासला विचारलं तर खरं आणि निरुपयोगी उत्तर येतं : सेवा नगरपरिषदेच्या हद्दीपुरती आहे, हद्दीबाहेर उपलब्धतेनुसार मदत दिली जाते. ग्रामविकासला विचारलं तर विषय त्यांचा नाही. मदत व पुनर्वसनला विचारलं तर निकष. ऊर्जेला विचारलं तर वेळापत्रक. गृहला विचारलं तर आकस्मिक जळीताचा नोंद क्रमांक. प्रत्येक उत्तर बरोबर, आणि पाच बरोबर उत्तरांत मिळून बंब कुठेच नाही.

समित्यांचंही तसंच. विधानमंडळाची पंचायत राज समिती दौऱ्यावर येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत फाइली झटकल्या जातात, भिंतींना रंग लागतो, अधिकारी खरोखर घाबरतात. पण समिती विचारते ते जिल्हा परिषदेच्या कामाबद्दल. आग त्या हिशोबात नाही, तर समितीने विचारायचं तरी काय?

याच टप्प्यावर आमदारांच्या एका कार्यकर्त्याने मसुद्यात पाचवा भाग घातला : परिसरातील वीटभट्ट्यांवरील परप्रांतीयांची पोलीस पडताळणी केली आहे काय. त्याला वाटलं, याने प्रश्नाला वजन येईल. वजन नक्की आलं असतं, आणि तेच घातक ठरलं असतं. एवढी एक ओळ असली की अख्खा प्रश्न गृह विभागाकडे जातो, वर्तमानपत्रात तीच ओळ छापून येते आणि पुरवणी प्रश्न सगळे मजुरांवर होतात. राजनांदगावहून आलेला मजूर भारताचा नागरिक आहे, त्याला देशात कुठेही जाऊन राबण्याचा हक्क घटनेच्या 19 व्या अनुच्छेदाने दिला आहे. परदेशी माणसांचा विषय वेगळा. नागरिकत्व आणि देशात येणं-जाणं केंद्राच्या सूचीत 17 आणि 19 क्रमांकावर आहे. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था तेवढी राज्याच्या सूचीत. स्वीय सहायक अनुभवी होता, त्याने ती ओळ खोडली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं काम ते होतं.

त्याच जिल्ह्यातली दुसरी आग

सभागृह आगीबद्दल कधी जागं होतच नाही, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. 17 बाळं होती, 10 गेली, सात वाचवता आली. बहुतेक आया खेड्यांतल्या, मजुरी करणाऱ्या घरांतल्या. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री भंडाऱ्यात होते. विभागीय आयुक्तांच्या समितीने महिन्याच्या आत अहवाल दिला, जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींवर निलंबन, बदली, सेवासमाप्ती झाली, परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. राज्यातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला.

भंडाऱ्याच्या आगीवेळी विधानसभेचे अध्यक्ष साकोलीचे, म्हणजे त्याच जिल्ह्यातले होते. नाना पटोले 4 फेब्रुवारी 2021 ला पायउतार झाले, आणि त्यानंतर अध्यक्षपद 3 जुलै 2022 पर्यंत रिकामं राहिलं. काम उपाध्यक्षांनी चालवलं. मार्च 2021 चं अर्थसंकल्पी अधिवेशन दहा दिवसांत आटोपलं, जुलैचं दोन दिवसांत. करोनामुळे 2020 आणि 2021 ची दोन्ही हिवाळी अधिवेशनं मुंबईतच झाली. नागपूरला सभागृह परतलं ते 19 डिसेंबर 2022 ला, आगीनंतर जवळजवळ दोन वर्षांनी. जबाबदार कोण, हे सरकारने लगेच ठरवलं. यंत्रणा का नव्हती हे विचारायला जो सलग वेळ लागतो, तो सभागृहाकडे त्या काळात नव्हता.

दिल्लीतलं एक दार

गंमत अशी की जे विषय राज्यात वेगवेगळ्या खात्यांत विखुरले आहेत ते दिल्लीत एका छताखाली आहेत. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाचा पैसा, परदेशी नागरिक आणि इमिग्रेशन, आणि अग्निशमनाचं महासंचालनालय, तिन्ही केंद्रीय गृह मंत्रालयात. आणि त्या मंत्रालयावर संसदेची गृह विषयक स्थायी समिती आहे, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे खासदार. ती सचिवांना समोर बसवून, कॅमेऱ्याशिवाय, अनुदानाच्या मागण्यांवर ओळीने विचारू शकते.

15 व्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून राज्यांतल्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी 5,000 कोटी रुपयांची योजना केंद्राने 4 जुलै 2023 ला सुरू केली, पुंजणं जळण्याच्या चार महिने आधी. महाराष्ट्रासारख्या राज्याने आपला वाटा 25 टक्के घालायचा. मूळ निवेदनात या योजनेचं नाव नव्हतं. कोणाला ठाऊकच नव्हती. त्या शिक्षकाने नंतर शोधली आणि मसुदा पार बदलला. खासदारांकरवी लोकसभेत : या योजनेत महाराष्ट्राने पाठवलेल्या प्रस्तावात ग्रामीण तालुक्यांसाठी किती बंब आहेत? नगरविकासला : नगरपंचायत असलेल्या किती तालुक्यांकडे आज चालू स्थितीतला बंब आहे, नावांसह? कृषीला : कापणीनंतरच्या आगीचा समावेश पीक विम्यात करावा असा प्रस्ताव राज्याने केंद्राला दिला आहे काय? तिन्ही प्रश्नांत गावाचं नाव नव्हतं, म्हणून गावातल्या काहींना राग आला. पण या प्रश्नांना आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं, आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

पुढचा हिशोब पंचांगाचा. लोकसभा निवडणुकीमुळे 2024 चं अंतरिम अर्थसंकल्पी अधिवेशन 26 फेब्रुवारी ते 1 मार्च एवढंच झालं. पावसाळी अधिवेशन 12 जुलैला संपलं. कृषीचा प्रश्न अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या, यादीत गेला आणि त्याचं उत्तर ‘बाब तपासण्यात येत आहे’ असं आलं. ऑक्टोबरात आचारसंहिता लागली. 20 नोव्हेंबरला, धान पुन्हा पुंजण्यांत असताना, मतदान झालं. जुनी विधानसभा गेली तशा तिच्यापुढच्या सूचनाही गेल्या. खरीप 2025 पासून तर एक रुपयाचा विमा बंद झाला आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगांच्या उत्पन्नावर आली, म्हणजे कृषीचा प्रश्न नव्याने लिहावा लागला.

मधल्या डिसेंबरात गावातली माणसं पुन्हा नागपूरला गेली होती. मंत्र्यांचा शपथविधी 15 डिसेंबर 2024 ला तिथेच झाला, अधिवेशन 16 ते 21 चाललं आणि खातेवाटप जाहीर झालं 21 च्या रात्री. कोणत्या खात्याला विचारायचं हे वर्षभर शोधून झाल्यावर, त्या सहा दिवसांत खातं कोणाकडेच नव्हतं. पुढचं अधिवेशन 3 मार्च 2025 ला सुरू झालं, मुंबईत, आणि तोवर दुसऱ्या हंगामाचं धानही केंद्रावर जाऊन पडलं होतं.